मुलांच्या घशासाठी झटपट स्ट्रेप चाचणीचे किट: दोन पावसाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. घशातील 'ए' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू पाच मिनिटांत ओळखून देणारे चाचणी किट गेले दोन पावसाळे माझ्या दवाखान्यात वापरात आहे. पंचवीस चाचण्यांच्या तीन पेट्या संपल्या असून चौथी सध्या उघडलेली आहे. लहान गावांत काम करणारे सहकारी आणि काही चौकस पालकही हे किट घ्यावे का असे मला वारंवार विचारतात, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक किटची घडण सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांना लागू पडते.

किट घेण्यामागचे कारण एक मुलगी आहे. नववीत शिकणाऱ्या या मुलीला जिना चढताना धाप लागते म्हणून आईने माझ्याकडे आणले होते. छातीला नळी लावताच हृदयाच्या झडपेतून रक्त उलटे गळत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि पुढे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली मायट्रल झडप दिसली. हा ताप घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही मुलांना येतो, त्यात सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. मागच्या वर्षी-दोन वर्षांत हिचा घसा कधी खूप दुखला होता का, सांधे सुजले होते का, असे मी आईला पुन्हा पुन्हा विचारले. तिला एवढेच आठवत होते की घसा सगळ्याच मुलांचा धरतो आणि आपोआप बरा होतो. ती मुलगी आज दर एकवीस दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घेते आणि ते तिला पुढची अनेक वर्षे घ्यावे लागणार आहे. २०१५ सालच्या जागतिक अंदाजानुसार ऱ्हुमॅटिक हृदयविकाराने जगात सुमारे ३ लाख १९ हजार माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे १ लाख १९ हजार एकट्या भारतातली होती. घशातल्या ज्या संसर्गापासून ही साखळी सुरू होते, त्यावर दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक दिले तर ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. त्यामुळे दुखणाऱ्या शंभर घशांपैकी स्ट्रेप्टोकॉकसचा घसा कोणता, हे त्याच दिवशी कळण्याला माझ्या लेखी फार मोल आहे.

पेटीत पंचवीस पट्ट्या, तेवढेच निर्जंतुक बोळे, लहान प्लास्टिकच्या नळ्या, दोन द्रावणांच्या बाटल्या आणि खात्रीसाठी एक 'आहे' व एक 'नाही' असा नमुना मिळतो. पट्ट्या एकेकट्या पाकिटात बंद असतात. एका बाटलीत सोडियम नायट्राइट आणि दुसरीत असेटिक आम्ल असते. नळीत दोन्हींचे थेंब एकत्र आले की नायट्रस आम्ल तयार होते आणि बोळ्यावर आलेल्या जिवाणूंच्या भिंतीतील विशिष्ट कर्बोदक त्यामुळे सुटे होते. याच कर्बोदकाच्या आधारे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ साली या जिवाणूंचे गट पाडले होते, आणि 'ए' गट हे नाव तिथूनच आले. नव्वद वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत सशाच्या रक्तद्रवावर चालणारे काम आज बोटाएवढ्या पट्टीवर होते, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी विलक्षण वाटते. पट्टी नळीत उभी केली की द्रव वर चढतो; वरची रेघ चाचणी नीट चालल्याची खूण असते आणि खालची रेघ उमटली तर ए गटाचे कर्बोदक सापडले असे समजायचे. निकाल पाचव्या मिनिटाला वाचायचा असतो आणि दहा मिनिटांनंतर उमटलेली फिकट रेघ धरायची नसते. सुरुवातीला माझ्या मदतनीस मुलीने गर्दीच्या वेळी अर्ध्या तासाने पाहिलेली रेघ वहीत नोंदवली होती, म्हणून आता आम्ही पट्टीशेजारी स्वयंपाकघरातले वेळ मोजणारे घड्याळ ठेवतो.

किटमधील सर्वांत नाजूक भाग रसायनांचा नसून नमुना घेण्याचा आहे. बोळा दोन्ही टॉन्सिलांवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर चांगला घासला गेला पाहिजे. जीभ, गाल किंवा पडजीभ यांना तो लागला तर लाळच अधिक येते आणि खरा संसर्ग असूनही रेघ उमटत नाही. चार-पाच वर्षांचे मूल हे एकदाच करू देते. म्हणून मूल आईच्या मांडीवर, पाठ आईच्या पोटाला टेकवून बसवावे, आईचा एक हात मुलाच्या कपाळावर आणि दुसरा त्याच्या दोन्ही हातांवर असावा, आणि डॉक्टरने बोळा आत घालण्यापूर्वी काय करणार आहे ते मुलाला खरे सांगावे. काही होणार नाही असे सांगून फसवलेले मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. पेटीतील बोळे कृत्रिम धाग्याचे आणि प्लास्टिकच्या काडीचे आहेत. ते संपले म्हणून औषधाच्या दुकानातील लाकडी काडीचा कापसाचा बोळा वापरू नये, कारण त्याने चाचणी बिघडू शकते.

आता अचूकतेविषयी. मुलांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील कल्चरशी, म्हणजे बोळ्यावरचे जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीशी, तुलना करता अशा चाचण्या घशात खरोखर जिवाणू असलेल्या शंभरांतील ८५.६ मुले ओळखतात आणि जिवाणू नसलेल्या शंभरांतील ९५.४ मुलांना बरोबर 'नाही' सांगतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. पेटीवर छापलेला आकडा याहून मोठा आहे आणि विक्री प्रतिनिधी तोच पुढे करतात. माझा अनुभव मात्र कॉक्रेनच्या आकड्यांच्या जवळ जाणारा आहे. हे आकडे वाचून किट उत्तम आहे असे कोणालाही वाटेल, आणि ते वाटणे चुकीचे नाही. पण ते आकडे 'घशात जिवाणू आहे का' या प्रश्नाचे आहेत. पालक घेऊन येतात तो प्रश्न 'मूल या जिवाणूमुळे आजारी आहे का' असा असतो, आणि आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत या दोन प्रश्नांमध्ये मोठे अंतर आहे.

याचे कारण वाहक मुले. शाळेच्या वयातील पुष्कळ मुलांच्या घशात हा जिवाणू आठवडे किंवा महिने निमूट राहतो. घसा दुखत नाही, ताप येत नाही आणि शरीर त्याच्याविरुद्ध नवी प्रतिद्रव्येही तयार करत नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१० साली मांडलेल्या हिशेबात घसा दुखणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या घशात हा जिवाणू होता, आणि ज्यांना काहीही होत नव्हते अशा मुलांपैकी सुमारे १२ टक्क्यांच्या घशातही तो होता. हे दोन आकडे किटच्या अचूकतेशी जोडून पाहावेत. सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज घेऊन आलेली, म्हणजे विषाणूमुळे आजारी असलेली शंभर मुले घेतली, तर त्यांतील बारा निव्वळ वाहक असतील. किट त्या बारांतील दहांना 'आहे' म्हणेल आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशींतील चार जणांना चुकून 'आहे' म्हणेल. अशा चौदा मुलांना दहा दिवसांचे प्रतिजैविक मिळेल आणि त्यांतील एकाही मुलाचा आजार त्या जिवाणूने झालेला नसेल. किट यात बिघडलेले नसते. दाराशी कोणाला उभे केले यावर त्याच्या उत्तराचा अर्थ ठरतो.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली होती, तरी शिकले ती एका निवासी शाळेत. पहिल्याच पावसाळ्यात त्या शाळेत तीन मुलांचा घसा एकाच आठवड्यात धरला आणि व्यवस्थापनाच्या आग्रहावरून मी एका वर्गातील सगळ्या मुलांची चाचणी केली. रेघ उमटलेल्या मुलांत अगदी धडधाकट, डबा संपवून मैदानात पळणारी मुले होती. त्या दिवशी मी त्यांनाही औषध दिले. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा त्यांतील काहींच्या घशात जिवाणू होताच, आणि हे अपेक्षितच आहे, कारण आजारी मुलाला बरे करणारे पेनिसिलिन वाहकाच्या घशातून तो जिवाणू खात्रीने काढू शकत नाही. अशा वाहकाला ऱ्हुमॅटिक तापाचा धोका फार कमी असतो आणि त्याच्यापासून इतरांना संसर्गही सहसा होत नाही. घरात कोणाला ऱ्हुमॅटिक ताप होऊन गेलेला असणे किंवा समूहात त्याची साथ असणे अशी कारणे असतील तरच वाहकावर उपचार करण्याचा विचार करतात. त्या वर्गावर खर्च केलेल्या पट्ट्यांची मला आजही हळहळ वाटते, आणि विनाकारण औषध घेतलेल्या मुलांची त्याहून अधिक.

त्यानंतर मी उलट वागून पाहिले, तेव्हा वेगळी अडचण आली. एक आजी नातवाला घेऊन आली. त्याचे नाक वाहत होते, खोकला होता, घसा किंचित लाल होता. दुसऱ्या दवाखान्यात त्याची चाचणी होऊन रेघ उमटली होती. मी त्याला प्रतिजैविक दिले नाही, तेव्हा त्याच्या आजीने विचारले, "डॉक्टरानू, जंतू असत म्हणतास, मगे औषद कित्याक नाय?" प्रश्न अगदी रास्त होता. डोळ्यांनी पाहिलेली रेघ आजीला दिसत होती आणि वाहक म्हणजे काय हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते. मी तिला सांगितले की परसात साप दिसला म्हणून पायाला झालेली जखम सापाचीच असते असे नाही. जखम कशी आहे तेही पाहावे लागते. आजीला ते पटले, पण त्यासाठी पंधरा मिनिटे गेली. निकालाचा अर्थ समजावून सांगायला एवढा वेळ नसेल, तर चाचणी न केलेली बरी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून आता मी बोळा हातात घेण्यापूर्वी मूल नीट तपासते. १९८१ साली डॉ. सेंटर यांनी मांडलेल्या आणि पुढे डॉ. मॅकआयझॅक यांनी वयाची भर घातलेल्या खुणा त्यासाठी पुरेशा आहेत: ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर, खोकला नसणे, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, टॉन्सिल सुजलेले किंवा त्यांवर पांढरा थर, आणि वय तीन ते चौदा. नाक वाहत असेल, आवाज बसला असेल, डोळे आले असतील किंवा तोंडात फोड असतील, तर पेटी उघडायची नाही. तीन वर्षांच्या आतील मुलांची चाचणी मी जवळपास करतच नाही, कारण त्या वयात ऱ्हुमॅटिक ताप क्वचितच होतो. अशी निवड केल्यापासून माझ्या पट्ट्यांचा खप निम्म्याहून कमी झाला आहे आणि उमटलेल्या रेघेवर माझा विश्वास वाढला आहे. याच मुलांत रेघ उमटली नाही तर मात्र मी तेवढ्यावर थांबत नाही. शंभर खऱ्या संसर्गांपैकी चौदा-पंधरा किटकडून निसटतात आणि आपल्या देशात त्या निसटण्याची किंमत झडपेने मोजावी लागते. अशा मुलाचा दुसरा बोळा मी कल्चरसाठी जिल्ह्याच्या गावी पाठवते. २०१२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही मुलांच्या बाबतीत हेच सांगतात. मेंढीच्या रक्ताच्या आगरवर जिवाणू वाढवून उत्तर यायला एक ते दोन दिवस लागतात, आणि नऊ दिवसांच्या मुदतीत ते सहज बसते.

किटची एक मर्यादा आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे, आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेख बारीक अक्षरांत एका ओळीत उरकला आहे. ही पट्टी फक्त ए गट ओळखते. उष्ण प्रदेशांतील मुलांच्या घशात सी आणि जी गटांचे स्ट्रेप्टोकॉकसही मोठ्या प्रमाणावर असतात. मुंबईतील शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर या दोन गटांचा भार ए गटापेक्षा अधिक आढळला. त्यांच्यामुळेही घसा दुखू शकतो, मात्र ऱ्हुमॅटिक तापाशी त्यांचा संबंध किती हा अजून वादाचा विषय आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांमध्ये ऱ्हुमॅटिक तापाचे प्रमाण फार मोठे असूनही मुलांच्या घशात ए गट कमी आणि त्वचेवरच्या फोडांत तो भरपूर, असे चित्र दिसले आहे. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलात अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायांवर पिवळी खपली धरणारे फोड येतात, तेव्हा मला त्या अभ्यासांची आठवण होते, आणि घसा तपासायला आलेल्या मुलाचे पायही मी पाहते. त्या फोडांबद्दल हे किट काहीच सांगू शकत नाही.

साठवणुकीबाबत कंपनीकडे माझी खरी तक्रार आहे. पेटीवर २ ते ३० अंश तापमान छापलेले आहे. कोकणात वातानुकूलन नसलेल्या दवाखान्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा तीसच्या वर जातोच. चंद्रपूरला, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथल्या माझ्या मैत्रिणीने तर हे किट घेण्याचा विचारच सोडला. मी पेटी लशींच्या शीतकपाटात, दाराच्या कप्प्यात ठेवते आणि वापरण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढते. माझी दुसरी पेटी मे महिन्यात कुरिअरच्या गाडीतून चार दिवस फिरत आली आणि तिच्यातील खात्रीच्या 'आहे' नमुन्यावरही रेघ फिकट उमटली. पुरवठादाराने ती पेटी बदलून दिली, पण त्यासाठी तीन वेळा फोन करावा लागला. पावसाळ्यात दमट हवेचा त्रास वेगळा: पाकीट फोडले की पट्टी लगेच वापरावी लागते, आधी फोडून ठेवता येत नाही. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे. जे किट गावोगावच्या परिचारिकांनी वापरावे अशी अपेक्षा आहे, त्यासोबत मराठीत चित्रांसह एक पान असावे ही मागणी फार मोठी नाही. तसे पान मी स्वतः लिहून भिंतीवर लावले आहे.

खर्चाबाबत थोडक्यात सांगते. एका चाचणीचा खर्च माझ्या तपासणीच्या फीइतका येतो आणि रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना तो जड जातो, म्हणून गरज असेल तिथे मी तो वेगळा लावत नाही. मात्र त्या खर्चाच्या बदल्यात काय वाचते हेही पाहायला हवे. आमच्या भागात घसा दुखला की तीन दिवसांचे अझिथ्रोमायसिन देण्याची सवय पडली आहे. अझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारे स्ट्रेप्टोकॉकस अनेक देशांत आणि भारतातही आढळले आहेत, उलट पेनिसिलिनला पूर्णपणे दाद न देणारा ए गट आजवर रुग्णांत सापडलेला नाही. रेघ उमटली आणि मुलाची लक्षणेही जुळली, तर साधे, स्वस्त अमॉक्सिसिलिन दहा दिवस पुरे होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की पालक औषध थांबवतात, हा माझा नेहमीचा अनुभव होता. आता मी पट्टीचा फोटो पालकांच्या फोनवर काढायला सांगते आणि दहा दिवसांच्या तारखा त्यांच्याच हाताने लिहून घेते. ज्यांनी रेघ स्वतः पाहिली आहे ते पालक औषधाचा क्रम अधिक निष्ठेने पूर्ण करतात, हा या किटचा मला मिळालेला अनपेक्षित लाभ आहे.

पालकांनी हे किट घरी ठेवण्यासाठी विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरी घेतलेला नमुना बहुधा लाळेचाच असतो, आणि आलेली रेघ वाहकाची की आजाराची हे मानेच्या गाठी चाचपल्याशिवाय ठरवता येत नाही. ज्या डॉक्टरांना मूल तपासायला आणि निकाल समजावायला वेळ आहे, जवळच्या गावी कल्चरची सोय आहे आणि दवाखान्यात शीतकपाट आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे. शाळांमधून सरसकट तपासणी शिबिरे भरवण्यासाठी ते मागवणाऱ्या संस्थांना मी नाही म्हणेन, आणि त्या पैशांत शाळेतील मुलांची छाती नळीने किंवा फिरत्या इकोने तपासून घ्या असे सुचवेन. सुरुवातीला सांगितलेली नववीतली ती मुलगी अशाच तपासणीत दोन वर्षे आधी सापडली असती.

किट मागवताना मुदतीची तारीख किमान एक वर्ष पुढची आहे का ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे, पेटी मे महिन्याऐवजी फेब्रुवारीतच मागवावी, आणि ती आल्या दिवशीच दोन्ही खात्रीचे नमुने लावून पाहावेत. माझी पाचवी पेटी मी याच अटींवर मागवली आहे.